पहिली पंगत की दुसरी?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी मला एकच अट घातली होती, ‘या वेळी लसीकरणावर नको.’ गेली अठ्ठावीस वर्षे मी लसीकरण, अतिसार आणि ‘आमचं मूल जेवतच नाही’ या तीन विषयांपलीकडे फारसे बोललेले नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य करावेच लागले. म्हणून यंदा जेवणाविषयीच, परंतु जरा दूरच्या जेवणाविषयी लिहिते.

२०२४ च्या जून महिन्यात आम्ही दहा जणांनी सिअ‍ॅटलहून अलास्काकडे जाणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर सात रात्री काढल्या. मी, माझे भूलतज्ज्ञ यजमान, ब्याऐंशी वर्षांच्या माझ्या सासूबाई, सिअ‍ॅटललाच राहणारे मुलगा आणि सून, त्यांची चार वर्षांची लेक, आणि इंदूरहून आमच्याबरोबर आलेली दोन डॉक्टर मित्रांची जोडपी असा आमचा परिवार होता. हिमनद्यांची वर्णने आणि छायाचित्रे आपण सर्वांनी पुष्कळ पाहिली असतील. मी त्यांत भर घालणार नाही. जहाजाच्या भोजनकक्षात आपली जागा कशी ठरते, ती कशी मागावी, आणि ती मागताना माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाचीही कोठे चूक झाली, एवढेच सांगणार आहे.

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत आधी मुले आणि वडीलधारी, मग पाहुणे आणि शेवटी घरची माणसे, हा क्रम कोणी लिहून ठेवलेला नसतो, तरी तो सर्वांना ठाऊक असतो. समुद्रावरही पंगतींची रीत जुनीच आहे. भोजनकक्ष लहान आणि प्रवासी अधिक, म्हणून दोन पंगती उठवाव्या लागत. पूर्वीच्या जहाजांवर लांबच लांब मेजे आणि जमिनीला पक्क्या बसवलेल्या खुर्च्या असत. वादळी हवेत ताटे घसरू नयेत म्हणून मेजांना लाकडी पट्ट्यांची चौकट लावत. कोणी कोणत्या मेजावर बसायचे हे जहाजाचे अधिकारी ठरवीत आणि तिकिटाच्या वर्गानुसार भोजनकक्षही वेगळा असे. १९०५ मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर सेझार रिट्झ यांच्या देखरेखीखाली स्वतंत्र उपाहारगृह सुरू झाले आणि ठरलेल्या पंगतीत न बसता हवे तेव्हा हवे ते मागवून खाण्याची सोय श्रीमंत प्रवाशांना मिळाली. सर्वसामान्य प्रवाशाला मात्र ही मोकळीक मिळायला जवळजवळ शतक जावे लागले. नॉर्वेजियन कंपनीने २००० च्या सुमारास ठरावीक वेळ आणि ठरावीक मेज यांना फाटा देणारी पद्धत आणली आणि मग इतरांनीही आपापल्या नावांनी ती स्वीकारली.

आज बहुतेक मोठ्या जहाजांवर तीनपैकी एक व्यवस्था निवडता येते. पहिली पंगत साधारणतः सायंकाळी साडेपाच ते सहाच्या सुमारास आणि दुसरी आठ ते साडेआठच्या सुमारास बसते. या दोन्हींत मेज, शेजारी आणि वाढणारे रोज तेच असतात. तिसरी व्यवस्था मोकळ्या वेळेची. आपल्याला हवे तेव्हा जावे, रिकामे असेल त्या मेजावर बसावे. सात-साडेसातला तेथे रांग लागते, म्हणून अनुभवी प्रवासी रोजची एकच वेळ आधी राखून ठेवतात. याखेरीज काही कंपन्यांच्या निराळ्या रीती आहेत. २००४ मध्ये सेवेत आलेल्या ‘क्वीन मेरी २’ वर आपण कोणत्या दर्जाची खोली घेतली यावरून भोजनकक्ष ठरतो. डिस्नेच्या जहाजांवर कुटुंब रोज वेगळ्या भोजनकक्षात जाते, परंतु वाढणारे त्यांच्याबरोबर फिरतात. लहान मुलांच्या दृष्टीने ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटली. मुलाला भिंतीवरची चित्रे बदललेली चालतात, ओळखीचा चेहरा बदललेला चालत नाही, हे आपण दवाखान्यात रोज पाहतो.

कोणती पंगत निवडावी, हा प्रश्न रुचीचा वाटतो. आमच्या बाबतीत तो निम्मा वैद्यकीय होता. सासूबाईंना दोन वेळा मिश्र इन्सुलिन लागते, रात्रीचे जेवणापूर्वी अर्धा तास. इंदूरला त्यांचे जेवण साडेसातला असते. सिअ‍ॅटल इंदूरच्या साडेबारा तास मागे. त्यात जहाज अलास्काच्या हद्दीत शिरले की घड्याळ आणखी एक तास मागे जाते. दुसऱ्या पंगतीत साडेआठला बसून पहिला पदार्थ नवाच्या सुमारास आला असता, तर त्या वयाच्या बाईंनी तोवर काय करायचे? दुसरीकडे नातीला आठ वाजता झोप अनावर होते. त्यात तिला शेंगदाण्याची तीव्र ऍलर्जी. दोन वर्षांची असताना तिला एकदा रुग्णालयात न्यावे लागले होते. तेव्हापासून ऍड्रेनलिनची ०.१५ मिलिग्रॅमची दोन स्वयंचलित इंजेक्शने सुनेच्या पिशवीत कायम असतात. पणजीला आणि पणतीला, दोघींनाही पहिलीच पंगत हवी होती.

एवढे सारे कळत असूनही आमचे आरक्षण कसे झाले ते पाहा. मुलाने त्याच्या कुटुंबाचे सिअ‍ॅटलहून केले. ऍलर्जीचा अर्ज वेळेवर भरला आणि पहिली पंगत मागितली. आमचे आणि मित्रांचे आरक्षण इंदूरच्या एजंटाने केले. त्याने विचारले, ‘जेवण अर्ली की लेट?’ आणि आमच्यापैकी कोणीतरी, इतक्या लवकर कोण जेवतो म्हणून, ‘लेट’ असे उत्तर दिले. आरक्षणांचे क्रमांक एकमेकांस जोडून घ्यावे लागतात, तसे केल्याशिवाय ही सारी माणसे एकत्र आहेत हे कंपनीला कळत नाही, ही साधी गोष्ट आम्हां दहांपैकी कोणालाही ठाऊक नव्हती. जहाजावर चढण्याच्या आदल्या दिवशी कागद समोरासमोर ठेवले, तेव्हा मुलगा-सून-नात पहिल्या पंगतीत आणि आम्ही सात जण दुसऱ्या पंगतीत, तेही वेगवेगळ्या मेजांवर, असल्याचे लक्षात आले.

अशा वेळी काय करावे हे मुलाला माहीत होते. जहाजावर चढण्याच्या दिवशी दुपारी भोजनकक्षाचे प्रमुख, ज्यांना तेथे ‘मेट्र डी’ म्हणतात, बदलाच्या विनंत्या ऐकण्यासाठी ठरावीक वेळी बसतात. आम्ही सामान खोलीवर येण्याचीही वाट न पाहता तेथे गेलो. पुढे वीसेक माणसे उभी होती. आमची पाळी आल्यावर गृहस्थांनी समोरच्या नकाशावर बोट फिरवले, दोन ठिकाणी खाडाखोड केली आणि पहिल्या पंगतीत दहा जणांचे एक मोठे गोल मेज दिले. आमच्या आनंदाला पारावार उरला नाही. एका मित्राने खिशातून नोट काढली, ती त्यांनी हसून नाकारली.

आता मागे वळून पाहताना कळते, की ‘सर्वांना एकत्र बसवा’ एवढेच आम्ही मागितले होते. मेज कोठे आहे हे विचारलेच नाही. ते जहाजाच्या मागच्या टोकाशी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ निघाले. सिअ‍ॅटलहून निघालेली जहाजे पुष्कळदा व्हॅंकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या समुद्रातून उत्तरेला जातात. त्यामुळे पहिला पूर्ण दिवस डोलण्यात जातो. हे डोलणे जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी जाणवते, टोकांना अधिक. सासूबाईंना लिफ्टपासून बरेच अंतर चालावे लागले. शिवाय त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. दहा जणांच्या गोल मेजावर, मागे थाळ्यांचा खणखणाट चालू असताना, त्या पहिल्या रात्री केवळ हसऱ्या चेहऱ्याने बसून होत्या. खोलीवर परतताना म्हणाल्या, ‘सगळे छान बोलत होते ग. काय बोलत होते कोण जाणे!’

दुसऱ्या रात्री जे घडले ते लिहिताना आजही मला संकोच वाटतो.

जहाजाच्या स्वयंपाकघराने नातीची काळजी पहिल्या दिवसापासून घेतली होती. आमच्या मेजाचे मुख्य वाढपी रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू सुनेपुढे ठेवीत, ती खुणा करी आणि तेवढे पदार्थ वेगळे शिजवून झाकून येत. सासूबाईंसाठी कांदा-लसूण नसलेली भारतीय भाजी आणि वरणही त्याच पद्धतीने येई. वाढप्यांचे मदतनीस गोव्याच्या सासष्टी तालुक्यातले. गोव्याची माणसे बोटींवर भोजनगृहात आणि स्वयंपाकघरात नोकरी करीत आली त्याला आता कित्येक पिढ्या झाल्या. हे गृहस्थही त्याच परंपरेतले. आमचे मराठी ऐकून पहिल्याच दिवशी त्यांनी कोकणीमिश्रित मराठीत आमची विचारपूस केली होती.

त्या रात्री आमच्या सर्जन मित्रांच्या पत्नींनी पर्समधून एक लहानसा डबा काढला. ‘फारच अळणी आहे हो इथलं,’ असे म्हणत त्यांनी शेंगदाण्याची चटणी मेजावर फिरवली. इंदूरची, घरी कुटलेली, लाल तिखटाची चटणी! परदेशात चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा वास आल्यावर माणसाचे काय होते हे सांगायला नको. डबा माझ्यापर्यंत आला. मी चमचाभर चटणी ताटात घेतली आणि तोच चमचा समोरच्या सामाईक बटाट्यांच्या वाडग्यात घातला. नात माझ्या उजव्या हाताला बसली होती. तिला बटाटे आवडतात. ‘आजी, मला,’ असे म्हणून तिने ताटली पुढे केली आणि मी तो चमचा उचलला.

त्या क्षणी माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि वाडगा उचलला गेला. ते गोव्याचे मदतनीस होते. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, ‘मॅडम, डब्यात शेंगदाणे आहेत ना?’

मी काहीच बोलू शकले नाही. सून उठून उभी राहिली. तिने मुलीचे हात आणि तोंड साबणाने धुवून आणले. सुदैवाने तिने काही खाल्ले नव्हते. दोन तास आम्ही तिच्याकडे पाहत बसलो. तिला काहीही झाले नाही. परंतु वर्षानुवर्षे पालकांना ‘ऍलर्जी म्हणजे पथ्य नव्हे, शिस्त आहे’ असे सांगणाऱ्या माझ्याच हातात तो चमचा होता. परक्या देशातले स्वयंपाकघर सावध होते. धोका आमच्या स्वतःच्या डब्यातून आला आणि तो आणणाऱ्या माणसांचे त्या मुलीवर मनापासून प्रेम होते. दवाखान्यात अशा प्रसंगी आपण आजी-आजोबांना किती सहज रागावतो! यापुढे माझा स्वर थोडा खाली येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि मी पुन्हा भोजनकक्षाच्या प्रमुखांकडे गेलो. या वेळी मागणी नीट, मुद्देसूद केली. सहा जणांचे एक मेज, मुलीची खुर्ची भिंतीच्या बाजूला, आई आणि वडील तिच्या दोन्ही अंगांना, मेजावर सामाईक वाडगा नको. आजींसाठी लिफ्टजवळची, स्वयंपाकघराच्या दारापासून दूरची जागा, आणि त्यांचा उजवा कान मंडळींच्या दिशेला. मित्रांसाठी शेजारचेच चार जणांचे मेज. त्यांनी सारे लिहून घेतले आणि म्हणाले, की कारण सांगून केलेली विनंती आम्हांला सोपी जाते. नुसते ‘चांगले मेज द्या’ म्हटले, तर आम्ही खिडकी देतो.

अवघड भाग पुढेच होता. तीस वर्षांच्या स्नेहाला ‘तुम्ही वेगळ्या मेजावर बसा’ असे सांगायचे होते. मी वहिनींना खोलीवर जाऊन सांगितले. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे पंक्तिप्रपंच झाला म्हणायचा. चटणी मी आणली म्हणून आम्ही पंगतीबाहेर.’ हा शब्द माझ्या फार जिव्हारी लागला. आपल्याकडे पंगतीत भेदभाव करण्याइतका मोठा अनादर दुसरा नाही. मी त्यांना एवढेच म्हणाले, ‘चटणी तुम्ही आणलीत, पण चमचा माझ्या हातात होता. तुमच्यावर विश्वास नाही असे नव्हे, वहिनी. माझा माझ्यावरच राहिलेला नाही.’ त्यांनी उत्तर दिले नाही.

त्या रात्री दोन मेजांमध्ये चार हातांचे अंतर होते आणि ते मला समुद्राएवढे वाटले. वहिनींनी आमच्याकडे पाहिले नाही. मात्र आमच्या मेजावर एक वेगळीच गोष्ट घडत होती. सहा जणांत, उजव्या कानाशी सूनबाई असल्यामुळे, सासूबाई प्रथमच संभाषणात आल्या. १९६० च्या सुमारास लग्न होऊन इंदूरला आल्यावर घरच्या पंगतीत सुनांनी शेवटी बसायचे, तोवर भाजी संपलेली असे, आणि आजेसासूबाई गुपचूप वाटीभर झाकून ठेवीत, ही गोष्ट त्यांनी सांगितली. माझ्या विवाहाला इतकी वर्षे झाली, मी ती कधी ऐकली नव्हती.

चौथ्या दिवशी जहाज जुनोला होते. तेथे मुक्काम रात्रीपर्यंत असल्यामुळे आणि जूनमध्ये तिथला सूर्य दहाच्या सुमारास मावळत असल्यामुळे पहिली पंगत चुकणार हे उघड होते. अशा वेळी मंडळी बुफेकडे वळतात. परंतु तेथे एका भांड्यातला चमचा दुसऱ्या भांड्यात सहज जातो, म्हणून ऍलर्जी असलेल्या मुलासाठी ती जागा सर्वांत अवघड. आम्ही वाढप्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते. त्यांनी नातीचे जेवण वेगळे झाकून ठेवले. आम्ही ते घ्यायला गेलो, तेव्हा दाराशी वहिनी उभ्या होत्या. आपल्या सामानातले चिवडा, चटणी, लाडू असे सारे पुडे त्यांनी एका पिशवीत घालून, गाठ मारून, खोलीतल्या कपाटात ठेवल्याचे सांगितले आणि मग विचारले, ‘हात सॅनिटायझरने पुसले की भागतं का हो?’

प्रश्न अचूक होता. जहाजावर भोजनकक्षाच्या दाराशी प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर घालतात. त्याने जंतू मरतात, शेंगदाण्याचे प्रथिन जात नाही. त्यासाठी साबण आणि पाणी, किंवा ओला रुमाल घेऊन नीट पुसणे आवश्यक असते. मी तसे सांगितले. त्या हात धुऊन आल्या आणि नातीला कडेवर घेतले. त्या रात्रीपासून फळे आणि गोड पदार्थ येण्याच्या वेळी दोन्ही मेजांची माणसे उठून एकमेकांकडे जाऊ लागली. मेजे मात्र शेवटपर्यंत वेगळीच राहिली आणि त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

आपल्यापैकी अनेक जण आता मुलांकडे जाताना असा प्रवास करतात, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते. आरक्षण करतानाच पंगत निवडावी, कारण पहिली पंगत लवकर भरते. भरली असेल तर प्रतीक्षायादीत नाव घालावे. सर्व कुटुंबांचे आरक्षण क्रमांक जोडल्याचे लेखी घ्यावे. पथ्य, ऍलर्जी, चाकाची खुर्ची यांचे अर्ज काही आठवडे आधी द्यावेत आणि जहाजावर चढल्यावर तेच पुन्हा तोंडी सांगावे. मेजाची जागा पहिल्याच दुपारी प्रत्यक्ष जाऊन पाहावी. मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी खोलीतून निघताना नव्हे, तर पहिला पदार्थ केव्हा येणार हे वाढप्यांशी ठरवून घेऊनच सुई टोचावी आणि जवळ साखर बाळगावी. बंदरांचे वेळापत्रक पंगतीच्या वेळेशी ताडून पाहावे. सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजे कायद्यानुसार एका परदेशी बंदरास लागतात, तो थांबा पुष्कळदा कॅनडातील व्हिक्टोरियाचा आणि तोही शेवटच्या सायंकाळी असतो, त्यामुळे त्या दिवशीही जेवणाची वेळ कोलमडते. आणि घरचा डबा भोजनकक्षात नेऊ नये. पुष्कळ जहाजांवर घरचे शिजवलेले अन्न नेण्यास मुळातच मनाई असते, हे मला नंतर कळले.

इंदूरला परतल्यावर आपल्या मंडळाच्या कौटुंबिक स्नेहभोजनाला गेले. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी. प्रत्येक पदार्थात दाण्याचे कूट होते आणि एकाही भांड्यापुढे तसे लिहिलेले नव्हते. आपण दीडशे डॉक्टर तेथे जेवत होतो! म्हणून कार्यकारिणीला एक नम्र सूचना करते. पुढील वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेत पथ्य आणि ऍलर्जी लिहिण्यासाठी एक ओळ असावी, प्रत्येक भांड्याला स्वतंत्र चमचा आणि नावाची चिठ्ठी असावी, आणि वयोवृद्ध मंडळींसाठी लाउडस्पीकरपासून दूर, सहा-सहा जणांची मेजे लवकर लावावीत. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम वहिनींनी आणि मी आपण होऊन पत्करले आहे.